टेलचं पाणी

पोळ्याच्या आदल्या सकाळी माय ओसरी पुसत होती आणि पुसता पुसता थांबली. दारापासून आप्पांच्या खाटेपर्यंत फरशीवर तांबडे ठिपके पडले होते. एक ठिपका, मग मोकळी फरशी, मग पुन्हा ठिपका. एकच पाऊल रंगात बुडवून कुणी चालत गेल्यासारखं. बैलांच्या शिंगांना लावायचा हिंगूळ आदल्या रात्री आणून ठेवला होता, तोच सांडला असेल असं तिला वाटलं. आप्पा शेतातून येऊन खाटेवर बसले होते. चहा झाला होता, पेपर हातात होता. "घरात तरी स्लीपर काढा," ती म्हणाली. त्यांनी डावा पाय झटकला. स्लीपर निघाली नाही. पुन्हा झटकला. मग मायने वाकून ती धरली आणि ओढली, तेव्हा रबरातून आरपार गेलेला वेड्या बाभळीचा दीड-दोन इंचाचा काटा त्यांच्या तळव्यातून बाहेर आला.

आप्पांनी तोंडातून आवाजही काढला नाही. "मले तं काहीच समजलं नही," एवढंच म्हणाले. माय सांगते, त्यांच्या चेहऱ्यावर दुखल्याचं काही नव्हतं, चोरी पकडली गेल्यासारखं काहीतरी होतं.

शेत घरापासून दीड किलोमीटर आहे. तेवढी वाट ते तो काटा पायात घेऊन चालत आले होते.

मी जळगावला राहते, कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. मायचा फोन आला आणि दुपारच्या एसटीने मी यावलकडे निघाले. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा मागे जात होत्या आणि माझ्या डोळ्यांपुढून आप्पांचा पाय हलत नव्हता. कारण काटा काढणं हे आमच्या घरात आप्पांचंच काम. आम्ही भावंडं अनवाणी हुंदडायचो, दर दोन दिवसांनी कुणीतरी लंगडत यायचं. आप्पा अंगणात उजेडाकडे तोंड करून बसवायचे, टाच स्वतःच्या मांडीवर घ्यायचे, मायच्या सुईचं टोक काडीवर तापवायचे आणि कातडं अलगद उकलत जायचे. तोंडाने सारखं विचारणं चालू: "इथं? इथं का? का अजून वर?" काटा आत मोडलेला असला की डोळ्यांना तो दिसत नाही. माझ्या "आई गं"वरून त्यांना तो कुठे आहे ते कळायचं. काटा निघाला की रुईचा चीक लावायचा आणि पाठीवर धपाटा द्यायचा. आप्पांनी माझ्या पायातले काटे माझ्या दुखण्याच्या मागावर जाऊन शोधले आहेत.

आता त्यांच्याच पायात तो माग उरला नव्हता.

काटा टोचतो तेव्हा दोनदा दुखतं, हे पायात काटा मोडलेल्या कुणालाही सांगायला नको. आधी एक लख्ख कळ येते, आणि ती ओसरते न ओसरते तोच मागून ठसठसणारी, जळजळणारी दुसरी येते. मला लहानपणी वाटायचं की पहिल्यांदा काटा दुखतो आणि दुसऱ्यांदा आपण घाबरलेलो असतो म्हणून दुखतं. प्रत्यक्षात ते दोन वेगवेगळ्या तंतूंचे निरोप आहेत. पहिली कळ आणणाऱ्या तंतूंवर मेदाचं पातळ आवरण असतं आणि ते सेकंदाला ५ ते ३० मीटर वेगाने निरोप नेतात. मागून येणारे तंतू उघडे आणि बारीक असतात, त्यांचा वेग सेकंदाला मीटरभर, म्हणजे चालणाऱ्या माणसाइतकाच. तळव्यापासून डोक्यापर्यंतच्या अंतरात तेवढ्यानेच दोघांची फारकत होते. आणि पाय वर उचलला जातो तो या दोन्हींची वाट न बघता, पाठीच्या कण्यातच निर्णय होऊन. मेंदूला नंतर कळवलं जातं.

निरोपाला वेळ लागतो हेच मुळी माणसाला फार उशिरा समजलं. एकोणिसाव्या शतकात योहानेस म्युलर हे शरीरशास्त्रातलं फार मोठं नाव. त्यांचं मत असं की नसेतला वेग मोजणं माणसाला बहुधा कधीच जमणार नाही. त्यांच्याच शिष्याने, हेल्महोल्ट्झने, १८५० च्या सुमारास बेडकाच्या नसेवर तो मोजून दाखवला: सेकंदाला साधारण ३० मीटरच्या आसपास. आकडा ऐकून लोक चकित झाले ते तो मोठा होता म्हणून नव्हे, इतका लहान होता म्हणून. विचार म्हणजे क्षणार्धात, असं ज्याला सगळे समजत होते, तो आगगाडीच्या हिशेबात बसत होता.

वर्गात मी पूर्वी सांगायचे की नस म्हणजे विजेची तार. आता सांगत नाही, कारण ते खरं नाही आणि खरं आहे ते जास्त सुंदर आहे. बांधकामावर पोरं विटा एकापुढे एक उभ्या करतात आणि पहिली ढकलतात, तो खेळ आठवा. एकही वीट जागची पुढे जात नाही, पुढे जातं ते पडणं. नसेत तेच होतं. प्रत्येक ठिकाणी बाहेरचा सोडियम आत घुसतो, आपण भाकरीच्या पिठात टाकतो त्या मिठातलाच सोडियम, आणि त्याच्या आत घुसण्याने शेजारची दारं उघडतात. मग पोटॅशियम बाहेर पडतो आणि सेकंदाच्या एक-दोन हजारांश भागांत ती जागा पूर्ववत होते. पडलेल्या विटा आपोआप उभ्या. पहिली वीट हळू ढकला की जोरात, शेवटची पडते ती सारखीच. जोर कळतो तो किती वेळा पडल्या यावरून. हॉजकिन आणि हक्सली या दोघांनी माखुळीच्या जाड नसेवर काम करून १९५२ मध्ये हे गणितात मांडलं आणि १९६३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आप्पांच्या पायात विटा होत्या, पण रांग मधेच तुटलेली होती.

आमच्याकडे, आणि बहुधा सगळ्याच महाराष्ट्रात, 'नस' हा शब्द दोन गोष्टींना वापरतात. नस दबली म्हणजे चेतातंतू, नस कापली म्हणजे रक्तवाहिनी. मी बारावीच्या मुलांना कितीतरी वर्षं यावरून टोकत आले: बाळांनो, एकातून निरोप जातो आणि दुसरीतून रक्त. पण रक्तातूनही निरोपच जातात. आणि कुठला निरोप कुठल्या नसेतून गेला हे वेगळं काढायला बसलं तर जमत नाही, हे मी पुस्तकात शिकले त्याच्या आधी गोठ्यात पाहिलं होतं.

माय आमच्या चंद्री म्हशीची धार काढायची. पहाटे साडेचार-पाचला, कंदील खुंटीला. चंद्रीपुढे ढेपेचं घमेलं सरकवायचं आणि वगारीचं दावं सोडायचं. वगार धावत येऊन कासेला ढुशा द्यायची, एका सडावरून दुसऱ्यावर उड्या मारायची, आणि दूध काही यायचं नाही. एक मिनिट, दोन मिनिटं. माय बाजूला उकिडवी बसून नुसती बघत असायची. मग एकाएकी सड तट्ट व्हायचे, वगारीच्या तोंडाच्या कडेला फेस दिसायचा. "पान्हावली," माय म्हणायची आणि त्याच क्षणी वगारीला ओढून खुंट्याला बांधायची. आता हात थांबवायचा नाही. पाच-सात मिनिटांत बादली भरायची. मधे कुणी हाक मारली तर माय ओ द्यायची नाही.

वगारीची जीभ लागते तेव्हा सडातून निघालेला निरोप नसेने कण्यात आणि तिथून मेंदूच्या तळाशी जातो. तिथे हायपोथॅलॅमस नावाच्या भागातल्या काही पेशी ऑक्सिटोसिन बनवतात. या पेशी चेतापेशीच आहेत, शेपटी खाली पीयूष ग्रंथीच्या मागच्या भागात सोडून बसलेल्या. पण त्यांची टोकं दुसऱ्या चेतापेशीला भिडत नाहीत, ती सरळ रक्तात उघडतात. निरोप वर जाताना नसेतून जातो आणि खाली येताना रक्तातून येतो. त्या वळणावरची पेशी अर्धी नस आणि अर्धी ग्रंथी. रक्तातून ऑक्सिटोसिन कासेपर्यंत पोचतं, दुधाच्या बारीक पिशव्यांभोवतीच्या पेशी आवळल्या जातात आणि दूध खाली उतरतं. ती दोन मिनिटं या फेऱ्याची. आणि ऑक्सिटोसिन रक्तात फार टिकत नाही, म्हणून हात थांबवायचा नाही. मायला हे रेणू ठाऊक नव्हते, पण त्यांचं वेळापत्रक तिच्या बोटांत होतं. विन्सेंट द्यु विन्यो यांनी १९५३ मध्ये ऑक्सिटोसिन प्रयोगशाळेत तयार केलं आणि त्यांना १९५५ चं नोबेल मिळालं, हे मी मायला एकदा सांगितलं होतं. तिने विचारलं, "मंग त्यायच्याकडे म्हैस व्हती का?"

एकदा धार चालू असताना भावाने पत्र्यावर दगड मारला. चंद्री दचकली, आणि संपलं. माय गोंजारत राहिली, ढेप वाढवली, वगार पुन्हा सोडली, पण त्या सकाळी थेंब आला नाही. "पान्हा चोरला," माय म्हणाली आणि भावाला चांगला चोप दिला. हाही एक निरोपच होता. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथींतून ॲड्रेनलिन सुटलं, कासेकडच्या रक्तवाहिन्या आक्रसल्या, वरून ऑक्सिटोसिन येणंही मंदावलं. भीती आणि माया एकाच रक्तातून धावतात, आणि म्हशीच्या शरीरात त्या दिवशी भीतीने वाट अडवली. बाळंतिणीच्या खोलीबाहेर मोठ्याने बोलू नये असं आमच्या आजीचं म्हणणं असे. ते मी आता कुणालाही अंधश्रद्धा म्हणू देत नाही.

नसेतला निरोपसुद्धा शेवटी रसायनच होतो. दोन चेतापेशींमध्ये फट असते, विटांची रांग त्या फटीपाशी संपते. पलीकडे काय जातं, याचं उत्तर ओटो लोवी यांना स्वप्नात मिळालं, असं ते स्वतः सांगत. रात्री उठून त्यांनी कागदावर खरडलं, सकाळी ते अक्षर त्यांनाच लागेना. पुढच्या रात्री स्वप्न पुन्हा पडलं, तेव्हा ते पहाटे तीनला तडक प्रयोगशाळेत गेले. बेडकाची दोन हृदयं घेतली. एकाची नस चेतवून ते मंद केलं आणि त्याच्या भोवतीचं द्रावण दुसऱ्यावर सोडलं. दुसऱ्याला कुठलीच नस जोडलेली नव्हती, तरी तेही मंद झालं. हे काम १९२१ मध्ये छापून आलं. मला यातलं स्वप्न आवडतं, पण त्याहून जास्त आवडतं ते दुसरं हृदय, जे कुठल्याही नसेला जोडलेलं नसताना शेजाऱ्याचा निरोप ऐकतं.

हार्मोन हा शब्द तर फक्त १९०५ चा. त्याआधी तीन वर्षं, १९०२ मध्ये, लंडनला बेलिस आणि स्टार्लिंग या दोघांनी एका कुत्र्याच्या आतड्याच्या तुकड्याकडे जाणाऱ्या सगळ्या नसा कापल्या आणि त्यात आम्ल घातलं. स्वादुपिंडाला काहीच कळायला नको होतं. पण रस पाझरला. मग त्यांनी आतड्याचं अस्तर खरवडून, आम्लात खलून, गाळून रक्तात टोचलं. पुन्हा रस. पचन सगळं नसांच्या हुकुमाने चालतं असं रशियात पावलोव्ह सांगत होते, ते अर्धंच खरं निघालं. या पदार्थांना नाव हवं म्हणून स्टार्लिंगने ग्रीक भाषेतून शब्द घेतला: जे चेतवतं, हलवतं, ते हार्मोन. आपण मराठीत संप्रेरक केलं. नेमका शब्द आहे, पण तो परीक्षेच्या पेपरातून बाहेर पडलाच नाही.

खान्देशात हार्मोन समजावून सांगायला मला कुत्राही लागत नाही आणि बेडूकही लागत नाही. केळ पुरतं. केळीला नसा नाहीत, मेंदू नाही, तरी बागेतून कापलेला हिरवागार घड कुणाच्या तरी सांगण्यावरून पिवळा होतो. इथिलीन नावाचा वायू ते सांगतो. गाडी भरताना आप्पा प्रत्येक घड फिरवून बघायचे आणि एखादं पिकलेलं केळं दिसलं तर तो घडच बाजूला काढायचे. "हे एक जाईल आणि दिल्लीपर्यंत समद्यायले पिकवील," म्हणायचे. पिकणारं फळ स्वतःच इथिलीन सोडतं हे गेन या शास्त्रज्ञाने १९३४ मध्ये दाखवलं. पूर्वी आमच्याकडे केळी बंद खोलीत धूर कोंडून पिकवत. धुरातही इथिलीन असतं. हवेतून जाणारा निरोप, पत्ता नसलेला. ज्याच्यात तो ऐकायची तयारी झाली आहे तो ऐकतो, आणि ऐकल्यावर स्वतःही ओरडू लागतो. घडाची धार मोडून केळ गोल भरलं की ती तयारी झाली, हे आप्पा बोटाने दाबून सांगतात. त्यांच्या बोटांचं अजून काही चुकत नाही.

आता साखरेकडे यायला हवं.

आप्पांना शुगर निघून चौदा वर्षं झाली. गोळ्या चालू होत्या. म्हणजे आठवण होईल तेव्हा चालू होत्या, आणि कापणीच्या दिवसांत आठवण होत नसे. आमच्या मामांचं शेत गिरणेच्या पाटावर आहे, भडगाव तालुक्यात. आवर्तन सुटलं की पाटाचं पाणी सगळ्यांच्याच बांधाजवळून जातं, पण ज्याच्या चारीचं दार उघडतं त्याच्याच शेतात शिरतं. रक्तातली साखर अशीच सगळ्यांच्या दारावरून वाहते. स्नायू आणि चरबीच्या पेशींचं दार उघडायला इन्शुलिनचा निरोप लागतो. आप्पांच्या प्रकारच्या मधुमेहात इन्शुलिन असतं, सुरुवातीला तर भरपूर असतं. पाटकरी हाळी देऊन देऊन दमतो आणि दारं उघडणारे ऐकेनासे होतात. पाणी पाटातच तुंबतं.

आणि चेतापेशींच्या दाराला इन्शुलिनचा निरोप लागत नाही. तिथे साखर न विचारता शिरते. रक्तात वाढली की नसेतही वाढते. मामांच्या भाषेत सांगायचं तर नस चिबडते: जास्त पाण्याने जमीन खराब व्हावी तशी. शिवाय नसेला अन्न पुरवणाऱ्या केसाहून बारीक रक्तवाहिन्या साखरेने खराब होतात. एकीकडे तुंबलेलं, दुसरीकडे उपाशी.

यात पाऊलच का आधी जातं, हे मी अनेक वर्षं फळ्यावर एका ओळीत लिहीत आले: सर्वांत लांब तंतू सर्वप्रथम बाधित होतात. अंगठ्यातली संवेदना वाहणारी पेशी अंगठ्यात नसतेच. तिचं घर कमरेत, मणक्याच्या शेजारी असतं आणि तिथून तिचा तंतू मीटरभर खाली अंगठ्यापर्यंत गेलेला असतो. त्या टोकाला जे जे लागतं ते घरात बनतं आणि तंतूच्या आतून वाहून न्यावं लागतं. सगळ्यात वेगवान माल दिवसाला ४०० मिलिमीटरपर्यंत जातो, म्हणजे अंगठ्याला पोचायला दोन-तीन दिवस. पण तंतूच्या सांगाड्याचा माल दिवसाला मिलिमीटर-दोन मिलिमीटर सरकतो. आज कमरेतून निघालेला अंगठ्यापर्यंत पोचायला दीड ते तीन वर्षं लागतात.

मामांचं शेत टेलला, पाटाच्या शेवटच्या टोकाला आहे. पाटावर ज्याची जमीन आहे त्याला या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. वर कुठेही फुटलं, कुणी चोरून मोटर टाकली, चारीत गाळ साचला, की हेडच्या शेतात पाणी जातच राहतं आणि टेलला ओल फक्त दिसते. मामा म्हणतात, पाटबंधाऱ्याचं काय बिघडलंय ते बघायचं असेल तर धरणावर जाऊ नका, माझ्या बांधावर या. आप्पांचा तळवा हा त्यांच्या शरीराचा टेल होता. मी ते वाक्य फळ्यावर लिहिलं आणि माझ्या बापाच्या तळव्याकडे चौदा वर्षांत एकदाही पाहिलं नाही. याचं मला वाईट वाटतं, आणि ते वाटणं कमी व्हावं अशी माझी इच्छा नाही.

कारण टेलने ओरडून सांगितलं होतं. सहा-सात वर्षांपूर्वी आप्पांच्या तळपायांची रात्री आग व्हायची. चादरीचा स्पर्श सहन व्हायचा नाही, फरशीच्या गार जागेवर पाय ठेवून ते रात्र काढायचे. मुंग्या यायच्या. माय काशाची वाटी घ्यायची, तिला तूप लावायची आणि अर्धा-अर्धा तास त्यांचे तळवे घासत बसायची. वाटी काळी पडायची. "उष्णता निघू रायली," ती म्हणायची. मी सुट्टीत घरी गेले की तो आवाज ऐकत झोपायचे, काशाचा कातड्यावरचा एकसुरी आवाज. मग एका वर्षी आग कमी झाली. पुढच्या वर्षी थांबली. माय किती खूश होती. तिने वाटी घासून देवघरात ठेवली.

आग थांबली, कारण आगीचा निरोप आणणारे तंतूच गेले होते.

जळगावला डॉक्टरांनी पायाची तपासणी केली, तेव्हा मी आणि माय दोघी खोलीत होतो. त्यांच्याकडे एक साधा नायलॉनचा धागा होता, दांडीला लावलेला. तो कातडीवर टेकवून वाकेपर्यंत दाबला की बरोबर १० ग्रॅमचा दाब पडतो. "आप्पा, डोळे मिटा. धागा लागला की हो म्हणा." आप्पांनी डोळे मिटले. डॉक्टरांनी अंगठ्याला धागा लावला. बोटांच्या बुंध्याला लावला, तीन ठिकाणी. टाचेला लावला. धागा प्रत्येक वेळी वाकत होता. खोलीत पंख्याचा आवाज होता. आप्पा डोळे मिटून, मान थोडी तिरकी करून, लांबून येणाऱ्या गाडीचा कानोसा घ्यावा तसे बसले होते. मग म्हणाले, "करा ना डॉक्टर सुरू."

मायने माझा हात धरला.

नंतर कंप पावणारा लोखंडी चिमटा आला, सेकंदाला १२८ वेळा थरथरणारा. अंगठ्याला नाही, घोट्याला नाही. गुडघ्याला लावल्यावर आप्पा एकदम म्हणाले, "हा, इथं गुणगुणतं." इतक्या आनंदाने म्हणाले की डॉक्टरही हसले.

त्यांनी सगळं नीट समजावलं. जखम भरेल, वेळ लागेल. साखर आटोक्यात ठेवली तर जे उरलं आहे ते टिकवता येईल, गेलेलं परत आणणारं औषध नाही. इन्शुलिन सुरू करू. इन्शुलिनला आप्पा घाबरले नाहीत, मीच मनात दचकले. पण परतीच्या एसटीत मला टोरांटोतला तो चौदा वर्षांचा मुलगा आठवला, जानेवारी १९२२ मध्ये माणसाला दिलेलं पहिलं इन्शुलिन ज्याला मिळालं. त्याच्याआधी या आजारात मुलांना फक्त उपाशी ठेवून दिवस वाढवत. माणसाने आपल्या शरीराच्या तोंडचा निरोप बाटलीत भरायला शिकल्याला शंभरच वर्षं झाली आहेत, आणि तो आमच्या यावलच्या फ्रिजमध्ये लोणच्याच्या बरणीशेजारी उभा असतो. मला त्या बाटलीबद्दल फार आदर वाटतो.

माय सारा रस्ता गप्प होती. यावल जवळ आलं तेव्हा म्हणाली, "मंजे मी वाटीनं चोळत व्हती, आन् आतून सगळं मरू रायलं व्हतं?"

मी तिला खोटं सांगू शकले असते. मी म्हटलं, हो. मग म्हटलं, पण माय, तुझ्या चोळण्याने त्यांना त्या रात्री बरं वाटायचं ते खरं होतं. आणि मी तिला एसटीच्या खडखडाटात मेलझॅक आणि वॉल यांची गोष्ट सांगितली. १९६५ मध्ये त्यांनी मांडलं की पाठीच्या कण्यात दुखण्याच्या वाटेवर एक फाटक आहे. स्पर्शाचे तंतू जाड आणि वेगवान असतात. चोळलं, गोंजारलं की त्यांचा निरोप आधी पोचतो आणि ते फाटक काही वेळ ओढून घेतो. पाय आपटला की आपण चोळतो ते म्हणूनच. त्यांच्या मांडणीत नंतर पुष्कळ दुरुस्त्या झाल्या, पण चोळल्याने दुखणं दबतं हे टिकलं. काशाच्या वाटीने आग शरीरातून काढली नव्हती. पण अर्ध्या तासापुरती ती मेंदूपर्यंत जाऊ दिली नव्हती, आणि आप्पा झोपले होते. माय खिडकीबाहेर बघत ऐकत होती. कितपत पटलं ते मला माहीत नाही. घरी गेल्यावर तिने देवघरातली वाटी काढून भांड्यांच्या फळीवर ठेवली.

जखम भरायला साडेतीन महिने लागले. बोटं वाचली. शेतात आता बंद बूट घालूनच जायचं, अनवाणी अंगणातही नाही, वैशाखात तर नाहीच. सकाळी बूट घालण्याआधी आप्पा आत हात घालतात आणि बोटं टोकापर्यंत फिरवून खडा, काडी काही आहे का ते चाचपतात. घड चाचपताना जसे डोळे अर्धे मिटतात तसेच मिटतात.

मागच्या शनिवारी मी घरी होते. रात्री जेवणं झाल्यावर आप्पा ओसरीवर खाटेला टेकून बसले आणि त्यांनी पाय मायच्या मांडीवर दिला. ती मोबाइलची बॅटरी लावून बघते. आधी टाच, मग तळव्याची कड, मग एकेक बोट बाजूला करून बोटांच्या बेचक्या. कुठे लाल झालंय का, कुठे फोड, कुठे भेग. ती "इथं?" असं विचारत नाही, विचारून उपयोग नाही. सगळं डोळ्यांनी आणि हाताच्या पाठीने, गरम लागतंय का ते बघत. आप्पांना पाय दिसत नाही. ते तिच्या चेहऱ्याकडे बघत असतात, बॅटरीच्या उजेडात तिच्या कपाळाला आठी पडते का ते.